उकळलेली चकती

आमच्या रसाच्या कारखान्यात तुंबणाऱ्या गाळणीवर कायमचा इलाज शोधला तो मी! अगदी एकटीनं!

सफरचंदाचा रस बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळायला घेतला, की तासाभरात चिकट गर छिद्रांत बसतो आणि गाळणी संपावर जाते. मी काय केलं? गर फोडणारं एन्झाइम थेट पडद्यालाच पक्कं चिकटवलं. रसाबरोबर वाहून जायचं नाही, जागेवर बसून गर फस्त करायचा. दारातच बसवलेला खादाड पाहुणा जणू!

मोठ्या साहेबांना दाखवायच्या आदल्या दिवशीच प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडला. मग पडद्याच्या चार चकत्या डब्यांत घालून घरी आणल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या आणि जेवून आडवी झाले. सकाळी डबे उचलून पळाले.

साहेबांसमोर पहिली चकती बसवली. "आता बघा, दिवसभर तुंबणार नाही!"

वीस मिनिटांत धार थेंबावर आली. मग थेंबही रुसला! साहेब घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

"अगं, सकाळी सांगायचं राहिलं. वरच्या डब्यातली चकती बुळबुळीत झाली होती. चांगली दहा मिनिटं उकळली. लख्ख झाली!"

माझे सासरे चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर. सुया उकळण्यात हयात गेलेली. आणि उकळत्या पाण्यात एन्झाइम मरतं! मी ओरडणारच होते.

"काल तू जेवता जेवता पेंगत होतीस गं," पलीकडून आवाज आला. "म्हटलं, तेवढंच तुझं काम हलकं."

"बरं, बाबा," एवढंच म्हणाले.

मग साहेबांकडे वळले. "साहेब, ही चकती... उकळलेली आहे."

"उकळलेली?" साहेब उठून उभेच राहिले. "म्हणजे आधी एन्झाइम मारून तुंबवून दाखवलीत, आता जिवंत लावून फरक दाखवणार! वा!"

मी मान हलवली. उभी की आडवी, आठवत नाही.

दुसरी चकती संध्याकाळपर्यंत वाहती राहिली. साहेबांनी तिथल्या तिथे मोठं यंत्र मंजूर केलं!

उरलेले दोन डबे घेऊन घरी आले. प्रयोगशाळेचा फ्रीज अजून दुरुस्त व्हायचा होता. बाबा दारातच उभे. चेहरा एवढासा.

"फोनवर गप्प झालीस. बिघडवलं का गं मी काही?"

"छे हो! तुम्ही उकळलीत म्हणून तर साहेब खूश झाले!"

बाबांचा चेहरा असा खुलला, की दिवसाचा सगळा शीण उतरला. त्यांनी स्वतः पान वाढलं आणि मी जेवेपर्यंत ते समोर बसून राहिले.

सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर दोन्ही डबे ओट्यावर पालथे आणि शेजारी दोन लखलखीत चकत्या.

"या वेळी अर्धा तास उकळल्या!" बाबा म्हणाले.

आता कोणत्या तोंडानं ओरडू? खोटं तर मी बोलले नव्हते!