वाढत्या अंगाची झुकिनी

"या उन्हाळ्यात तुझ्या दुकानातलं एक पानसुद्धा माझ्या घरात येणार नाही!" टेलरमास्तरांनी भाजीवाल्या मेहुण्याला भर दुकानात ठणकावलं. मागच्या वर्षी मास्तरांचे टोमॅटो फसले होते, आणि मेहुणा अजून त्यावरून हसत होता. "झुकिनी धरली की एका रविवारी वहिनींना घेऊन जेवायलाच ये. माझी झुकिनी खा, मग बोल!"

"आणि नाही जमलं तर, भावोजी?"

"तर पुन्हा मातीला हात लावणार नाही!"

बोलून बसले खरे, पण बागेशिवाय मास्तरांचा जीव कशात रमणार होता?

सुदैवाने परसातली रोपं जोमाने फोफावली. पिवळी फुलं आली, मागोमाग झुकिनी धरली. बायको म्हणाली, "अहो, वीतभर झाली की तोडायची असते. कोवळीच गोड लागते."

"आत्ताच? वाढतं अंग आहे तिचं!"

मास्तरांनी उभ्या जन्मात पोरांचे कपडे मापाचे शिवले नव्हते. दोन वर्षांनी बसतील असेच शिवायचे! गल्लीतली अख्खी पिढी बाह्या दुमडत मोठी झाली होती. झुकिनीला वेगळा नियम कशाला? रोज चहा झाला की गळ्यातली टेप घेऊन ते परसात जायचे आणि तिथूनच ओरडायचे, "कंबर वाढली गं!"

कंबर वाढता वाढता दोन झुकिन्यांचे चांगले लोड झाले. बाकीच्या रोपांवर मात्र नुसती फुलंच फुलं.

"दमली असतील रोपं," मास्तर म्हणाले.

"असतील हो," म्हणत बायको लगबगीने आत गेली.

ठरलेल्या रविवारी सकाळी मास्तरांनी पहिला लोड थाटात ओट्यावर ठेवला. बायकोने सुरी घातली. सुरी आत शिरली आणि तिथेच बसली! शेवटी मास्तरांनी कोटाचं कापड कापायची कात्री आणून झुकिनीचे दोन तुकडे केले. आत कोटाच्या बटणांएवढ्या बिया आणि नुसता भुसा.

"हे शिजवू की तासू?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. गेली बाग! "दोरा संपलाय, आलोच," म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

रविवारचं एकच भाजीचं दुकान उघडं होतं, आणि ते नेमकं मेहुण्याचं! पण तो आंघोळीला गेला होता आणि तराजूपाशी त्याची बायको होती. समोर कोवळ्या, लुसलुशीत झुकिन्या!

"वहिनी, द्या पटकन. आणि त्याला कळता कामा नये!"

"नाही हो भावोजी, अगदी शपथ!" म्हणताना वहिनींना एवढं हसू का फुटत होतं, ते मास्तरांना कळेना.

घरी येऊन त्यांनी झुकिन्या बायकोपुढे ओतल्या. "पानाखाली दडल्या होत्या!"

"अगं बाई, हो का!" बायकोने एकेक देठ निरखून पाहिलं आणि फोडणी टाकली.

मेहुण्याने तीनदा भाजी मागून घेतली. मग हात जोडले. "भावोजी, हरलो! शंकाच नाही, तुमच्याच बागेतली!"

मास्तरांची छाती फुगली. बाग वाचली! "कशावरून ओळखलंस?"

"चवीवरून! तुम्ही उठायच्या आत ताई रोज कोवळ्या कोवळ्या तोडून दुकानात पाठवते ना, त्यांचीच ही चव. आमचं गिऱ्हाईक दुसऱ्या घेतच नाही!"

वहिनींना ठसका लागला. बायको एकदम मीठ शोधू लागली. मास्तरांचा घास हातातच राहिला. म्हणजे आपण आपलीच झुकिनी विकत आणली! पैज तर जिंकलो, पण जिंकलो कसे, ते सांगायची सोय नाही.

"का हो, तुम्हाला माहीत नव्हतं?" मेहुण्याने विचारलं.

"मला? अरे, मीच तर सांगितलं हिला, कोवळी असतानाच तोड म्हणून!"

"हो ना," बायको गोड हसून म्हणाली, "आणि उद्यापासून दुकानात पोचवायलाही हेच येणार आहेत. पहाटे पाचला!"