पियतिस्स सासूला दर्शनाला नेतो

श्रीलंकेतल्या तंगल्ल गावचा निवृत्त पोस्टमास्तर पियतिस्स यानं घरात जाहीर केलं, की अम्माला कँडीच्या मंदिरातल्या दंतधातूचं, म्हणजे बुद्धाच्या दाताचं, दर्शन तो स्वतः घडवणार, आणि तेही असं, की तिच्या पदराची घडीसुद्धा मोडणार नाही. अम्मा म्हणजे त्याची सासू. वय अठ्ठ्याहत्तर. याआधी दोनदा ती जाऊन आली होती, पण दोन्ही वेळा दाताच्या करंडकासमोर पोचते न पोचते तोच मागच्यांनी तिला पुढे रेटलं होतं. तिला दिसल्या त्या फक्त लोकांच्या माना.

तिघं कँडीला पोचली. बायकोचा, कुसुमलताचा, गुडघा मंदिराचा जिना चढू देत नव्हता. ती समोरच्या तलावाकाठच्या बाकावर बसली आणि नवऱ्याला बजावलं, "काही झालं तरी तिचा हात सोडू नका."

"तीस वर्षं गावाची पत्रं सांभाळली. एकसुद्धा हरवलं नाही," पियतिस्स म्हणाला.

साडेनऊच्या पूजेचे ढोल घुमू लागले तेव्हा वरच्या मजल्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पियतिस्सच्या एका हातात निळ्या कमळांचं तबक, दुसऱ्यात अम्माचं मनगट. करंडक दिसायला लागला आणि मागून असा लोंढा आला, की मनगट निसटलं. क्षणभरच. त्यानं ते लगेच पुन्हा पकडलं, घट्ट धरलं आणि वाट काढत जिन्याकडे निघाला. दिसलं का, म्हणून मान न वळवताच, ढोलांच्या वर आवाज चढवून विचारलं. दिसलं रे बाळा, असं मागून आलं. पियतिस्सला धन्य वाटलं.

खाली अंगणात येऊन त्यानं वळून पाहिलं. मनगट म्हातारीचंच होतं, पण म्हातारी दुसरीच होती.

ती कुरुणेगलची होती, कानानं जड होती आणि भलतीच खूश होती. आपला जावई असा जपून कधी धरत नाही, असं तिनं त्याला सांगितलं आणि आता तिनंच त्याचं मनगट धरलं. म्हातारीला ओढत पियतिस्स पहारेकऱ्याकडे गेला. पहारेकऱ्यानं वर्णन विचारलं. पांढरे केस, पांढरी साडी, पांढरा झंपर. पहारेकऱ्यानं अंगणाकडे बोट केलं. तशा तिथं तीनशे तरी होत्या.

मग ध्वनिक्षेपकाची खोली. तिथल्या माणसानं कागद पुढे ओढून हरवलेल्या बाईंचं नाव विचारलं, आणि पियतिस्स अडला. तंगल्लच्या प्रत्येक दाराचं नाव, आडनाव त्याला तोंडपाठ होतं. सासूला मात्र सत्तावीस वर्षं तो नुसतं अम्मा म्हणत आला होता.

"तंगल्लच्या कुसुमलताची आई, असं म्हणा," तो कसाबसा म्हणाला.

तसं तीनदा पुकारलं गेलं. कर्णे चांगले दणकट होते. तलावापलीकडे ऐकू जात होतं. अलीकडच्या बाकावर तर विचारूच नका.

कुसुमलता लंगडत, पण अंगावर येणाऱ्या बसच्या वेगानं आली. नवऱ्याच्या हातातली म्हातारी तिनं आपादमस्तक न्याहाळली.

"ही कोण?"

तेवढ्यात म्हातारीची मुलगी धावत आली, आईला हिसकावून घेतलं आणि भल्या घरच्या बायका पळवतोस का, असं सर्वांदेखत विचारून गेली. तेही पियतिस्सला फारसं लागलं नाही. त्याला जिन्यावरून घसरलेली अम्मा दिसत होती, चेंगरलेली अम्मा दिसत होती. तो खांबाला टेकून रडण्याच्या बेतात आला.

पूजा संपली. वरचे दरवाजे बंद झाल्याचा आवाज आला. जिन्यावरची शेवटची माणसं उतरली आणि त्यांच्याही मागून, कठड्याला धरून, सावकाश अम्मा आली.

कुसुमलतानं तिला मिठी मारली. पियतिस्सनं पाय धरले. इतकं पुकारलं ते ऐकू आलं नाही का, असं मुलीनं रडत रडत विचारलं.

"आलं की," अम्मा म्हणाली. "पण हे माझ्यापुढच्या बाईला ओढून घेऊन गेले आणि समोरची जागा मोकळी झाली. मी खांबाच्या आडोशाला उभी राहिले, दार लागेपर्यंत. सगळं पाहिलं गं."

तिनं जावयाच्या डोक्यावर हात ठेवला आणि मुलीला म्हणाली, "पुढच्या वर्षीही यांनाच पाठव माझ्याबरोबर. आणि मला बरोबर तिथंच हरवायला सांग."