साडेसव्वीस गुण

आमच्या गल्लीतल्या बाबूअण्णांच्या घरात अजून अठ्ठ्याण्णव साल चालू आहे. म्हणजे अण्णा आपल्यासारखेच आजच्या तारखेला उठतात, दूध आणतात, बशीत ओतून चहा पितात. पण त्यांचा कॉम्प्युटर जेव्हा जेव्हा चालू होतो, तेव्हा एक जानेवारी अठ्ठ्याण्णवच म्हणतो. आणि अण्णा रोज त्याला हात जोडून "हॅपी न्यू इयर रं" म्हणतात. मी लग्न होऊन निपाणीत आले तेव्हा वाटलं, माणूस चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. चालू होताना अडला की त्याच्या डबड्यावर थोपटून कन्नडात "एळप्पा, एळ" म्हणत त्याला उठवायचे. मराठी त्याला नंतर, पूर्ण जागा झाल्यावर.

अण्णा तंबाखूच्या वखारीत कारकून होते. एकटा जीव, लग्न नाही, माडीवर दोन खोल्या. एका खोलीत ते राहतात आणि दुसरीत कॉम्प्युटर राहतो. बेळगावला कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली, त्याच्याकडून हे सगळं बिऱ्हाड त्यांनी उचलून आणलं होतं. पोटुशीसारखा फुगलेला मॉनिटर, करकरणारा प्रिंटर, आणि कडेला भोकाभोकांची पट्टी असलेल्या लांबलचक कागदाचं खोकं. खोकं मात्र अजून संपलेलं नाही, कारण एखादा अर्ज सोडला तर अण्णा त्या कॉम्प्युटरवर एकच काम करतात. पत्रिका जुळवतात.

फुकट जुळवतात. मुलाची-मुलीची नावं, जन्मतारखा, जन्मवेळा घालायच्या, बटण दाबायचं, प्रिंटर ओरडायला लागतो आणि कागद बाहेर येतो. आमच्या गल्लीतली, पलीकडच्या गल्लीतली, चिकोडीपर्यंतची कितीतरी लग्नं त्या कागदावर झालीत. माझंही झालं. माझ्या सासऱ्यांनी बेळगुंदीला आमच्या घरी तो कागद आणलेला मला आठवतो. छत्तीसपैकी साडेसव्वीस गुण. माझ्या वडलांनी तो देवापुढं ठेवला होता. त्यानंतर आजपर्यंत नवऱ्याशी भांडण झालं की माझं एक वाक्य ठरलेलं, "साडेसव्वीस जुळलेत म्हणून नांदतेय, एखादी असती तर कधीच गेली असती." तो पण म्हणतो, "उरलेले साडेनऊच घेऊन आलीस की तू."

तर अण्णांच्या डोक्यात हे पत्रिकांचं इतकं मुरलेलं की यंत्रांचंही ते तसंच बघायचे. मी शाळेच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, म्हणून काही अडलं की मला हाक मारायचे. एकदा त्यांच्या भाच्यानं नवा प्रिंटर आणून दिला. त्याची वायर ह्या कॉम्प्युटरला बसेचना. मी सांगायला लागले की अण्णा, हा नवा, तो जुना, ह्यांचं जमत नाही. अण्णा शांतपणे म्हणाले, "व्हय की. येकनाडी हाय दोघांची. परत पाठीव." नवा माउस चालेना तेव्हा म्हणाले, "गण जुळत न्हाय. त्यो राक्षसगण हाय, बघ की त्याचा लाल दिवा."

आणि एक तर मी कधी विसरणार नाही. गटार तुंबलं म्हणून अण्णा नगरपालिकेला मराठीत अर्ज टाईप करत होते. मधेच पडद्यावर इंग्रजीत पाटी आली, की ह्या प्रोग्रामनं इल्लीगल ऑपरेशन केलं आहे, सबब तो बंद करण्यात येत आहे. त्या काळच्या कॉम्प्युटरांची ती ठरलेली पाटी होती, कशालाही यायची. पण अण्णांनी उठून खिडकी लावून घेतली. मी गेले तर अंधारात बसलेले. हळूच म्हणाले, "मराठीत अर्ज टाईप केला तर ह्ये इल्लीगल म्हणतंय गं. आपला सीमेचा वाद पार कंपनीपातूर गेलाय." मी कपाळावर हात मारला. किती समजावलं, पण तेव्हापासून अण्णा काहीही टाईप करायच्या आधी वर एक ओळ कन्नडात घालतात. म्हणतात, त्याचं समाधान होतंय, मग आपल्या मराठीला काय म्हणत न्हाय.

एवढ्यावर हसून सोडून दिलं असतं. पण ह्या वर्षी त्या कॉम्प्युटरशी माझंच काम पडलं.

माझी मुलगी अश्विनी बेळगावात नोकरी करते. तिथंच तिच्या ऑफिसात खानापूरचा महेश. दोघांचं ठरलेलं, पोरगा लाखात एक, आम्हाला पसंत. फक्त महेशची आई पत्रिकेवर अडून बसली. कुणीतरी तिला मोबाईलवर बघून दिलं, तर गुण आले सात, आणि वर एकनाडी. झालं. बाईनं जेवण सोडलं. अश्विनी इकडं येऊन भिंतीकडं तोंड करून झोपून राहिली. मला तर काही सुचेना. शेवटी महेशनंच आईला वळवलं. तिच्या नणंदेचं लग्न निपाणीच्या अण्णांनी जुळवलेलं, आणि नणंदेचा संसार नाव ठेवायला जागा नाही असा. बाई म्हणाली, "मोबाईलचं काय खरं नाही. अण्णांचा कागद आणा. त्यो म्हणतोय तसं करू. अण्णांच्या कागदात न्हाय आलं तर मात्र माझ्यापुढं विषय काढू नका." रविवारी ते लोक यायचे होते.

मी शनिवारी अण्णांकडं पळाले. अण्णा कॉम्प्युटरपुढं गालाला हात लावून बसलेले. पडद्यावर लिहिलं होतं, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं एफ-वन दाबा.

"बघ की," अण्णा म्हणाले. "आंधळ्याला म्हणतंय डोळा मार."

कीबोर्ड गेलेला होता. मी घरचा नवा आणला, तर त्याचं टोक चपटं आणि इथलं भोक गोल. अण्णा काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "ठाऊक आहे, एकनाडी." शाळेच्या भंगाराच्या खोलीत गोल टोकाचा एक कीबोर्ड होता, शिपायाच्या हातापाया पडून तो आणला. बसला. एफ-वन दाबलं, कॉम्प्युटर कण्हत कण्हत उठला आणि म्हणाला, एक जानेवारी अठ्ठ्याण्णव.

अण्णा खुशीत चहा करायला आत गेले. आणि मला वाटलं, म्हाताऱ्याचा हा रोजचा त्रास एकदाचा मिटवावा. तारीख विसरतो म्हणजे आतला सेल गेलेला, रुपयाएवढा तर सेल असतो, शाळेतनं येताना मी तो घेऊनच आले होते. कॉम्प्युटर बंद करून डबडं उघडलं. बघते तर सेल गेलेला नव्हता, सेलच नव्हता. खाच रिकामी. मी मनात म्हटलं, साहेबानं सेलसुद्धा काढून घेतला, काय माणसं असतात. नवा बसवला, चालू केलं, आजची खरी तारीख घातली आणि मोठ्या कौतुकानं पत्रिकेचा प्रोग्राम उघडला.

पडद्यावर एकच ओळ आली. "ह्या नमुना प्रतीची मुदत संपली आहे."

मी ती ओळ पुन्हा वाचली. नमुना प्रत. खाली बारीक अक्षरांत होतं, की ही प्रत फक्त बघण्यासाठी आहे, कोणतीही नावं घातली तरी निकाल नमुन्याचाच दिसेल, खऱ्या निकालासाठी पूर्ण प्रोग्राम विकत घ्यावा. आणि शेजारी तो नमुन्याचा निकाल छापला होता. साडेसव्वीस.

गल्लीतली एकेक जोडपी डोळ्यापुढनं जायला लागली. वाण्याचा थोरला, त्याचं साडेसव्वीस. डॉक्टरांची मुलगी, साडेसव्वीस. आम्ही कधी एकमेकांना विचारलंच नव्हतं, कारण चांगले गुण कुणी सांगत नाही, दृष्ट लागते म्हणून. आणि मी. पंचवीस वर्षं ज्या आकड्यावर उड्या मारत मी भांडले, तो दुकानात लावलेल्या नमुन्याच्या साडीसारखा सगळ्यांना दाखवायचा आकडा होता. मी बेळगुंदीहून ह्या घरात आले ती कशाच्या भरवशावर आले, तेच मला कळेना. आणि आता पोरीचं काय करायचं?

अण्णा चहा घेऊन आले. पडद्यावरची तारीख बघून कप टेबलावर ठेवला.

"सेल घातलास व्हय."

"अण्णा, हे नमुना आहे," मी म्हणाले. "सगळं खोटं आहे. तुम्हाला माहीत नव्हतं. सगळ्या गल्लीची लग्नं..."

"माहीत हाय की," अण्णा म्हणाले. "मासिकासंगं फुकट आलती ती सीडी. पयल्याच दिवशी माझी आन वखारीतल्या वजनकाट्याची पत्रिका बघिटली. साडेसव्वीस आलं. मुदत संपली तवा सेल मीच काढला. काढला की बाळ परत अठ्ठ्याण्णवात."

मला संताप आला. "लोकांच्या संसाराशी खेळलात अण्णा तुम्ही. माझ्या वडलांनी तो कागद देवापुढं ठेवला होता."

"मग? वाईट झालं तुझं?"

नवरा माझा घोरतो, उधळा आहे, सासूच्या तेराव्याला जिलेबी सांगून आला असा वेंधळा आहे. पण वाईट झालं असं मला म्हणता येईना.

"घरची दोघांची पसंती हाय का, पोरगं-पोरगी खूश हाईत का, ह्ये आधी मी हिंडून बघून येतो," अण्णा म्हणाले. "नसंल तर मशीन बिघडलंय म्हणून सांगतो. किती जणास्नी परत लावलंय मी. तुझ्या टायमाला बेळगुंदीला आलतो. तू विहिरीवर होतीस. तुझ्या नवऱ्याचा फोटो दावला तुझ्या भणीनं, तर तू पदरात हसलीस. तेवढं बास झालं मला."

मला ते आठवत होतं. पांढरा सदरा घातलेला कुणीतरी माणूस पाणी मागायला आला होता.

मी विचारलं, "पण का अण्णा?"

अण्णांनी कपातला चहा बशीत ओतला. मग सांगितलं. तंबाखूच्या आधी ते खानापूरला लाकडाच्या वखारीत होते, अगदी तरणे होते तेव्हा. शेजारच्या घरात इंदू होती. दोन्ही घरचं ठरत आलेलं. भटजीनं पत्रिका बघितली आणि एकनाडी सांगितली. मुलाच्या जिवाला धोका, म्हणाला. मोडलं. तिला लोंढ्याकडं दिली, बत्तीस गुण जुळवून.

"आन मग?"

"चार वर्सांत परत आली म्हायेरी. हातावर डाग होते. परत गेली न्हाय." अण्णा म्हणाले, "मी जाऊन इचारलं, आता तरी. तर म्हणाली, तुमास्नी काय झालं तर? भटजीचं तिच्या डोसक्यातनं जाईना. गेल्या दिवाळीआधी गेली. तिच्या भाच्यानं कळीवलं."

मी उठले, कॉम्प्युटर बंद केला, डबडं उघडलं आणि सेल काढून अण्णांच्या हातात दिला. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, एफ-वन दाबलं. एक जानेवारी अठ्ठ्याण्णव. अण्णांनी सवयीनं हात जोडले.

अश्विनी आणि महेशचं मी स्वतः घातलं. प्रिंटर ओरडला, कागद आला. गुण साडेसव्वीस, विवाहास हरकत नाही. फक्त खाली वधूचं वय पंच्याण्णव छापलं होतं, कारण अठ्ठ्याण्णवात बसलेल्या यंत्राला दोन हजारनंतर जन्मलेलं माणूस कळत नाही, ते तीन साल म्हटलं की एकोणीसशे तीन धरतं. अलीकडच्या सगळ्याच कागदांवर त्या जागी काळी शाई फिरवलेली का असते, ते मला आता कळलं. अण्णांनी खिशातलं पेन काढून माझ्या पोरीचं वय नीट झाकलं.

मी निघणार होते. पण अण्णा उठले नाहीत. कीबोर्डकडं बघत बसलेले.

"आणखी कुणाचं आहे का?" मी विचारलं.

"घाल," ते म्हणाले. "वर बाबू. साल पन्नास. खाली इंदू. त्रेपन्न."

"इतक्या वर्षांत तुम्ही हे कधी घातलं नव्हतं?"

"न्हाय. ती होती तवर कसं घालणार? तिनं न्हाय म्हटल्यालं. ती जित्ती असताना मशीनकडनं व्हय म्हणवायचं, बरं न्हाय दिसत."

मी नावं घातली. बटण मात्र त्यांना दाबायला लावलं. प्रिंटर ओरडला. अण्णांनी कागद घेतला, दोन्ही कडांच्या भोकांच्या पट्ट्या सावकाश, न फाडता सोडवल्या आणि चष्मा वर करून वाचायला लागले. मी सवयीनं पेन पुढं केलं, वयावर शाई फिरवायला.

अण्णांनी पेन घेतलं नाही. कागद माझ्यापुढं धरला आणि वधूच्या वयावर बोट ठेवलं. पंचेचाळीस.

"ह्ये खोटं न्हाय," ते म्हणाले. "अठ्ठ्याण्णव साली येवढीच होती."

मग त्यांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि सेल माझ्या हातावर ठेवला.

"ह्यो घेऊन जा तू," अण्णा म्हणाले. "हितं लागत न्हाय."