अखंड बोल्टचा संघ मध्यंतरानंतर ढिला का पडतो

"मी, चंद्रप्रकाश वायंगणकर. वय त्रेपन्न. उंची पाच फूट चार इंच, पण विचारात असताना जास्त वाटते. पश्चिम उपनगरांतला एकमेव पूर्णवेळ मराठी गुप्तहेर. नजर घारीची, स्मरणशक्ती हत्तीची, पावलं मांजराची. एवढे प्राणी एका माणसात सहसा सापडत नाहीत. घेतलंस लिहून?"

"घेतलं," मी म्हटलं.

प्रत्येक केसची फाईल ह्याच मजकुराने सुरू होते. मी त्याच्या चाळीस प्रती सायक्लोस्टाईल करून ठेवल्यात, पण साहेबांना तो दरवेळी नव्याने सांगायला आवडतो, म्हणून मी कोऱ्या कागदावर पेन फिरवत बसतो.

मी सहदेव घाडी, त्यांचा असिस्टंट. आमचं ऑफिस पार्ल्याला, पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर. गिरणी चालू झाली की टेबल थरथरतं आणि साहेब म्हणतात, बघ, विचारांना वेग आला. पाटीवर 'गुप्तहेर' असलं तरी दहातल्या नऊ केसेस लग्नाच्या चौकशीच्या. मुलगा पितो का, मुलीला चष्मा आहे का, आधीचं काही प्रकरण आहे का. साहेबांना एवढेच तीन प्रश्न येतात आणि गेली अकरा वर्षं त्यावर आमची चूल पेटते.

शहाऐंशी सालातली ही केस मात्र मीच आणली, कारण ती माझ्या धाकट्या भावाची होती.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत 'अखंड नट-बोल्ट' नावाचा कारखाना. कबड्डी खेळणाऱ्या पोरांना तिथे नोकरी मिळायची. दिवसभर मशीनवर, चारनंतर मैदानात. आदल्या वर्षी कारखान्यांच्या साखळी स्पर्धेत हा संघ सातपैकी सात सामने हरला. सातव्याला तर समोरचा संघ अर्धा तास उशिरा आला, चहा प्यायला आणि जिंकून गेला.

तेव्हा मॅनेजर रेगेसाहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "ह्या वर्षी सातपैकी चार जिंका. जिंकलात तर संघ राहील आणि कॅप्टनला पर्मनंट करतो. नाही तर संघ बंद. पर्मनंटवाले पूर्ण वेळ मशीनवर, बदलीवाले घरी."

कॅप्टन म्हणजे माझा भाऊ जयवंत. तीन वर्षं बदलीवर होता. सहा महिने झाले की त्याला आठवडाभर घरी बसवायचे आणि पुन्हा नवा माणूस म्हणून आत घ्यायचे. तो कधी आजारी पडला नाही, कारण बदलीवाल्याला ते परवडत नाही. बायको बाळंतपणाला कुडाळला गेलेली. दर आठवड्याला तिचं पत्र यायचं आणि शेवटची ओळ एकच, 'कामाचं काय झालं?'

नवीन मास्तर आणले, धोंडिराम म्हणून. त्यांनी संघाला शिस्त लावली. चारच्या ठोक्याला कारखान्याच्या आवारात सराव सुरू. साडेपाचचा भोंगा होईपर्यंत कोणी मैदान सोडायचं नाही, आणि भोंगा झाला की एक मिनिट जास्त थांबायचं नाही. पहिला नियम मास्तरांचा, दुसरा युनियनचा. सहा महिने रोज हाच कार्यक्रम. पोरं अशी तयार झाली की बघत राहावं.

स्पर्धा कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या मैदानावर होती आणि सामने संध्याकाळी पाचला. पहिले दोन रविवारी होते. दोन्ही झकास जिंकले. तिसरा बुधवारी. मध्यंतरापर्यंत सात गुणांनी पुढे होते, नंतर धडाधड आऊट होत गेले आणि हरले.

त्या रात्री जयवंत जेवला नाही. "दादा, कोणीतरी काहीतरी करतंय," तो म्हणाला. "मध्यंतरानंतर अंगातलं बळ कोणी काढूनच घेतलं."

दुसरा कोणी गुप्तहेर माझ्या ओळखीचा नव्हता, हे माझं दुर्दैव.

शनिवारच्या चौथ्या सामन्याला साहेब काळा चष्मा लावून आले. लोकांना वाटलं डोळे आलेत, म्हणून बाकावर त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. "बघितलंस? दबदबा," ते मला म्हणाले.

मध्यंतराला आपला संघ चौदा-सात असा पुढे होता. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा करणाऱ्या मालनबाई खेळाडूंना मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी देत होत्या. साहेबांनी त्यांची थाळी अडवली.

"हेच! मध्यंतरात लिंबू, त्यानंतर पराभव. विषप्रयोग!" असं म्हणून त्यांनी विज्ञानासाठी अकरा फोडी स्वतः खाल्ल्या. त्यांना काही झालं नाही. खेळाडूंना मात्र लिंबू उरलं नाही.

दुसरा डाव सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि पुन्हा तेच. दशरथ म्हणून कोपऱ्यातला भक्कम गडी होता, तो गुडघ्यांची माती झटकायला लागला. त्याच्या शेजारचा नळाकडे बघायला लागला. जयवंत चढाईला गेलेला, तो समोरच्या अंगणात मधेच वळून गेटकडे बघायला लागला आणि तिथेच धरला गेला. मग लोण चढला. एकोणीस-सव्वीस असे हरलो.

साहेब वहीत भराभर लिहीत होते. मी डोकावलो. 'साडेपाच वाजता भोंग्यामुळे निरीक्षणात व्यत्यय. नंतर दशरथ याने गुडघे झटकले. हा इशारा आहे.'

"फुटलेला माणूस सापडला," साहेब म्हणाले. "बोलाव त्याला."

दशरथ आला. सहा फूट उंच, हाताचा एकेक पंजा ताटाएवढा. साहेबांनी त्याला बाकावर बसवलं आणि ठेवणीतला आवाज काढला.

"पितोस?"

"चहा."

"चष्मा?"

"नाय."

"आधीचं काही प्रकरण?"

दशरथ लाजला. "एक होती मालाडची. पण तिच्या घरच्यांनी वसईला दिली."

साहेबांनी त्याचे गुण वहीत लिहिले, उंची आणि पगारासकट, आणि मला बाजूला घेतलं. "मुलगा निर्दोष आहे, सहदेव. उलट आपल्याकडे साकीनाक्याचं एक स्थळ आहे ना, त्यांना दाखवू या."

"साहेब, माझ्या भावाची नोकरी जातेय."

"ती पण बघू," ते म्हणाले.

पाचवा सामना दुसऱ्याच दिवशी, रविवारी होता, आणि कोणाला वाटलं नव्हतं तरी अकरा गुणांनी जिंकला. आता तीन विजय झाले. सामना संपताच साहेब उभे राहिले. चेहरा असा की जणू त्यांनीच पकडी केल्या.

"रविवारी जिंकतात, इतर वारी हरतात. रविवारी मराठी माणूस काय करतो, सहदेव?"

"झोपतो."

"त्याच्या आधी?"

"मटण खातो."

"केस खलास!"

सहावा सामना बुधवारी. बुधवारी धर्माचीही हरकत नव्हती. साहेबांच्या हुकमावरून मालनबाईंनी दुपारी कॅन्टीनमध्ये सात किलो मटण केलं. मालनबाई म्हणत होत्या, "अहो, खेळायच्या आधी एवढं नका चारू." साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही रस्सा बघा, तर्क मी बघतो." मालनबाईंनी पळी आपटली आणि रस्सा बघितला.

त्या दिवशी संघ मध्यंतरानंतर ढिला पडला नाही, कारण तो सुरुवातीपासूनच ढिला होता. दशरथ एका पकडीनंतर खाली बसला तो 'येतो, येतो' म्हणत बसूनच राहिला. तेवीस गुणांनी हरलो. शेजारच्या बाकावर बसलेल्या साहेबांनी वहीत लिहिलं, 'मटणाचा दर्जा तपासणे.'

आता एकच सामना उरला, शुक्रवारी. तो हरला की वाट लागली.

त्या संध्याकाळी आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो होतो. मास्तर डोकं धरून, जयवंत भिंतीला टेकून. मालनबाई मटणाचं पातेलं घासत होत्या. साहेबांचा चौथा सिद्धांत चालू होता.

"मध्यंतरानंतर अंगणं बदलतात. म्हणजे आपला संघ दक्षिणेला तोंड करून खेळतो. दक्षिण ही यमाची दिशा..."

"रविवारी दक्षिण कुठं जाते?" मालनबाईंनी पातेल्यातूनच विचारलं.

मालनबाई हात पुसत बाहेर आल्या.

"ओ गुप्तहेर, त्या वहीत रोज काय खरडता? वाचा की जरा मोठ्यानं."

साहेबांना वाचून दाखवायची आवडच. "शनिवार. साडेपाच वाजता भोंग्यामुळे निरीक्षणात व्यत्यय. नंतर पडझड. रविवार. निरीक्षण उत्तम, व्यत्यय नाही, विजय. आज बुधवार. साडेपाच वाजता भोंग्यामुळे..."

"रविवारी व्यत्यय का नाही?"

"माझी एकाग्रता रविवारी वाढते."

"रविवारी कारखाना बंद असतो! भोंगा कोण वाजवणार, तुमचा बाप?"

साहेब हळूच म्हणाले, "म्हणजे भोंगा वाजवणारा माणूस शत्रूने फोडलाय."

"कसला शत्रू घेऊन बसलात!" मालनबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बारा वर्षं मी ह्या लोकांना बघते. भोंगा झाला की हातातला पाना खाली, तोंडातला चहा सुद्धा अर्धा. सहा महिने ह्या मास्तरांनी काय शिकवलं? भोंगा झाला की खेळ बंद, माती झटका, नळावर चला, गेट गाठा. मॅच पाचला सुरू होते, दुसरा डाव पाच पंचवीसला. पाच मिनिटांत भोंगा होतो. ही पोरं कशी खेळणार? त्यांची सुट्टी झाली!"

जयवंतने माझ्याकडे बघितलं. "खरंच की रे, दादा. भोंगा झाला की मला डबा आठवतो. चढाईत होतो तरी वाटलं, डबा लॉकरमध्ये राहिला."

मास्तर उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आदल्या वर्षीच्या नामुष्कीवरचा इलाज त्यांनी एवढ्या मनापासून केला होता की तोच रोग झाला होता.

मी आणि मास्तर सकाळी रेगेसाहेबांकडे गेलो. शुक्रवारी भोंगा दहा मिनिटं उशिरा वाजवता येईल का? ते म्हणाले, "चारशे माणसं त्याच्यावर घरी जातात. सात जणांसाठी चारशे थांबवू?" कानात कापूस घालायचं ठरलं, तर पंचांची शिट्टी ऐकू येईना. गुरुवारी भोंग्यानंतर सराव करायला गेलो, तर युनियनचा माणूस येऊन उभा राहिला. साहेबांनी सुचवलं की भोंग्यालाच पोतं बांधावं. ते बांधायला स्वतः शिडीवर चढले आणि चौथ्या पायरीवरून वॉचमनने त्यांना उतरवलं.

"तुम्ही खेळा," मालनबाई जयवंतला म्हणाल्या. "भोंग्याचं मी बघते."

शुक्रवारी अख्खा कारखाना भिंतीवर चढून बसलेला. मध्यंतराला आपण दहा-नऊ. जयवंतने मला मैदानातून हात केला आणि मी उगाच हसलो. मनात चाललं होतं, ह्याच्या बायकोला पत्र काय लिहायचं?

साडेपाच. भोंगा झाला.

जयवंत तेव्हा समोरच्या अंगणात चढाईवर होता. मी डोळ्यांनी बघितलं, सातही जणांचे खांदे एकदम खाली आले. दशरथचा हात गुडघ्याकडे गेला. जयवंतचा दम तुटायला आला. 'कबड्डी, कबड्डी'चा आवाज असा बारीक झाला की आता थांबलाच.

तेवढ्यात रेषेजवळ लिंबाची थाळी घेऊन बसलेल्या मालनबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि भोंग्याच्या वर आवाज काढला.

"ए! कुठं चाललात? ओव्हरटाइम लागलाय! डबल रेट!"

अखंड बोल्टमध्ये दीड वर्ष ओव्हरटाइम बंद होता. तो शब्द ऐकायला माणसं तरसली होती. दशरथचा हात गुडघ्यावरून उठला तो सरळ मांडीवर पडला, असा शड्डू घुमला की पंच दचकला. भिंतीवरची काही माणसं सवयीने खाली उतरून गेटकडे निघाली होती, तीसुद्धा परत चढली. जयवंतने दम न सोडता दोन गडी टिपले आणि परत आला. मग काय विचारता! ओव्हरटाइमला मराठी माणूस कसा राबतो ते त्या संध्याकाळी समोरच्या संघाने बघितलं.

पण तेही कच्चे नव्हते. शेवटच्या मिनिटाला वीस-वीस. शेवटची चढाई जयवंतची. त्याने एकाला शिवलं आणि चौघे त्याच्यावर पडले. खाली माझा भाऊ, वर चार माणसं. एक हात तेवढा बाहेर, मातीत सरकतोय, बोटं मध्यरेषेच्या दिशेला. मी काय ओरडत होतो ते मला माहीत नाही. बोट रेषेला लागलं आणि पंचांनी शिट्टी दिली.

आम्ही जिंकलो. भिंत जागेवर राहिली हे कारखान्याचं नशीब. मास्तर मालनबाईंच्या पाया पडायला गेले तर त्या म्हणाल्या, "लिंबं सांडतील." रेगेसाहेब रेषेपर्यंत चालत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जयवंत, सोमवारी पर्मनंटचं पत्र न्यायला ये."

साहेबांनी माझ्याकडे वही दिली. "लिही. चंद्रप्रकाश वायंगणकर यांनी आपल्या वहीतील अचूक नोंदींच्या आधारे, कॅन्टीनमधील एका महिलेच्या किरकोळ सहकार्याने..."

मी लिहिलं नाही. वही त्यांच्याच हातात परत दिली आणि मैदानात धावलो.

जयवंत अजून तिथेच मातीत पालथा पडलेला. सगळे उठून नाचत होते, हा एकटा तसाच. मी त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसलो.

"जयवंता, लागलं का रे? ऊठ, बाबा!"

त्याने मान वळवली. तोंडभर माती, त्यातून हसत होता.

"नाय उठत, दादा. पर्मनंट माणूस आहे मी. दोन मिनिटं पडू दे."