दालन चारमधला शेवटचा श्वास

“दोनच दिवस ना? अगं, या खानदानाला मी सोळा कोटी वर्षांपासून ओळखतो!” असं म्हणून मामांनी टाकीच्या खोलीची किल्ली भाचीच्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली.

मामा संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर जीवाश्म सांभाळत आणि भाची तळमजल्यावर खाऱ्या पाण्याच्या टाक्या. तिच्या एका टाकीत नुकताच एक पाहुणा आला होता. दिसायला शेवंडासारखा, म्हणजे लॉबस्टरसारखा, नात्यानं शेवंडाचा फार जुना भाऊबंद. हे घराणं कधीच संपलं असं सगळे धरून चालले होते, आणि हा खोल समुद्रात निवांत राहत होता. त्याचा सोळा कोटी वर्षांपूर्वीचा एक पूर्वज मामांच्या दालन क्रमांक चारमध्ये दगडात आडवा पडला होता.

त्या दगडावर मामांची एकतीस वर्षं गेली होती. चिखलाचा डोंगर कोसळतोय, पाठ फुटलीय, बिचारा पाय झाडत शेवटचा श्वास घेतोय, हे ते असं काही रंगवून सांगत की ऐकणारे रुमाल काढत. मामींनी लग्नाला होकार दिला तो हीच गोष्ट ऐकून! आता येत्या सोमवारी दालनावर ‘शेवटचा श्वास’ अशी पितळी पाटी लागणार होती. खाली मामांचं नाव.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाची गावाला निघाली. सकाळी मामा टाकीपाशी येऊन पाहतात तो काय! पाहुणा आडवा. पाय वाकडे. पाठ फुटलेली.

“गेलं!” मामा ओरडले.

रखवालदार धावत आला. “काय गेलं, साहेब?”

“घराणं!”

मामांनी जाळीनं देह बाहेर काढला. कागदासारखा हलका! एका रात्रीत इतका खंगला? संचालकांना कळवलं. संचालक दुःखाच्या बाबतीत अतिशय तत्पर. अकरा वाजता शोकसभा भरलीसुद्धा. तिकीट खिडकीवरच्या बाईंनी पाहुण्याला एकदाही पाहिलं नव्हतं, पण सर्वात मोठे हुंदके त्यांचेच होते.

मामा बोलायला उभे राहिले. “पाहा, तीच फुटलेली पाठ! तेच वळलेले पाय! वरच्या दगडात आहे अगदी तसंच!”

मग दोन मिनिटं शांतता. दीड मिनिट झालं असेल, तोच दार ढकलून भाची आत आली. निरोप मिळताच ती अर्ध्या वाटेतून परत फिरली होती. तिनं टाकीत वाकून पाहिलं, मग टेबलावर ठेवलेल्या ‘देहा’कडे पाहिलं.

“मामा, त्याच्या कपड्यांची शोकसभा का चाललीय?”

“काय?”

“कात टाकलीय त्यानं! तो बघा, कपारीत बसलाय. अंग अजून मऊ आहे, म्हणून बाहेर येत नाही. आणि ते कवच आता तो खाणार होता. तुम्ही त्याचं जेवण पळवलंत!”

संचालकांनी उरलेलं अर्धं मिनिट पूर्ण करून घेतलं. हाती घेतलेलं काम ते अर्धवट सोडत नसत.

मग सगळे हसले. मामाही हसणारच होते, पण त्यांना आपल्याच भाषणातलं ‘वरच्या दगडात आहे अगदी तसंच’ हे वाक्य आठवलं. ते जिना चढले. भाची मागोमाग. भिंग घेऊन मामा दगडावर ओणवे झाले. पाठीवरची फट चिखलानं फुटावी तशी वेडीवाकडी नव्हती. शिंप्यानं उसवावी तशी सरळ होती.

“एकतीस वर्षं,” मामा म्हणाले, “मी एका बनियनसमोर रडतोय.”

“मी कुणाला सांगणार नाही, मामा.”

“तुझ्या मामीला कळलं तर?”

“आता इतक्या वर्षांनी काय करणार ती?”

“तू तिला ओळखत नाहीस.”

दालनातल्या टेबलावर ती पितळी पाटी चकाकत होती. मामा तिच्याकडे बघत बसले. कुणीतरी मेलं नाही याचं आपल्याला दुःख होतंय, आणि हे काही माणसाला शोभत नाही, एवढं त्यांना कळत होतं.

तेवढ्यात प्रेक्षकांचा एक गट आत आला. सर्वात पुढे काठी टेकत एक आजी. शेजारणीकडून ऐकून आलेल्या, त्यामुळे रुमाल आधीच हातात.

“हं, सांगा,” त्या म्हणाल्या.

मामांनी घसा खाकरला. “इथं... चिखलाचा...” ते थांबले. भाचीनं डोळे मिटून घेतले. “इथं त्यानं जुने कपडे काढले, आणि तो निघून गेला.”

“मेला नाही?”

“इथं तरी नाही.”

आजींनी रुमालाची घडी घातली आणि संशयानं विचारलं, “म्हणजे, जिवंत आहे?”

मामांनी दगडाकडे पाहिलं. सोळा कोटी वर्षं मनात धरून पाहिली. मग प्रामाणिकपणे म्हणाले,

“निघाला तेव्हा होता.”