गरम वाऱ्यावरचा जवळा

मेघालीच्या संगणकाच्या मागे, पंख्याचा गरम वारा बाहेर सोडणाऱ्या जाळीच्या वरच्या कोपऱ्याला, कोळिष्टकाचा एकच धागा लटकला होता. काम हलकं असलं की तो सरळ लोंबायचा, भारी असलं की आडवा होऊन थरथरायचा. रसायनशास्त्र शिकलेल्या मेघालीने तो मुद्दाम झाडला नव्हता. इतकं साधं मोजमाप बाजारात कुठे मिळतं!

आता धागा आडवा होता आणि पंख्याची घरघर नवापूरच्या समुद्राच्या गाजेत विरघळून गेली होती.

"भावेश, दिवेलागणीच्या आत पॅकेज तयार! अगदी डोळे मिटून!" ती फोनवर म्हणाली.

चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला आकडेमोडीला जुंपणारा एक नवा, सर्वांना खुला असलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी आज्ञावली, आला होता. लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना तो एका आज्ञेत बसवता यावा, म्हणून मेघाली हौसेने त्याची बांधाबांध करत होती. लिनक्सच्या नव्या आवृत्तीचं दार आज संध्याकाळी बंद होणार होतं. आत शिरायला दोनच गोष्टी हव्या होत्या: चाचणी पास, आणि पॅकेज पुढे सांभाळणाऱ्याचं नाव.

"नाव कुणाचं टाकू?" भावेशचं बोईसरला संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि तोही हे काम हौसेने करणाऱ्या जगभरच्या मंडळींतला.

"आधी चाचणी होऊ दे."

"ताई, गणपतीपासून हेच ऐकतोय!"

मेघालीने फोन ठेवला. नाव दिलं, की काही बिघडल्यावर सगळं जग आपल्यालाच विचारणार! या भीतीने ती दर वेळी नाव देणं पुढे ढकलायची.

चाचणी लावून ती किनाऱ्यावर जाऊन बसली. आभाळ आणि पाणी एकाच राखाडी कापडातून कापल्यासारखं दिसत होतं. तिच्या डोळ्यांपुढे आलं: कुठल्याशा लांबच्या गावात एक मुलगी हेच पॅकेज बसवून जुन्या कार्डावर ताऱ्यांच्या वाटा मोजते आहे, आणि तिच्या खोलीतही असाच एक धागा आडवा तरंगतो आहे... मेघालीचे डोळे मिटत आले.

फोन थरथरला.

"ताई, चाचणी नापास! कार्ड तव्यासारखं तापलंय! निकाल आपोआप सगळ्यांकडे गेलाय. फिनलंडवाला म्हणतो ड्रायव्हरच सदोष. ब्राझीलवाल्याला आता स्वतःचंही कार्ड गरम लागायला लागलंय! काढूनच टाकू म्हणतात!"

मेघाली धावत घरी आली. धागा सरळ लोंबत होता, जेवून झोपल्यासारखा. कार्ड एवढं तापलेलं, आणि वारा नाही?

तिने मागे वाकून पाहिलं. जाळीला सूप टेकवलेलं. सुपात जवळा, ती बारीक कोळंबी. बाजूला शेजारच्या हिराकाकूची बोंबलांची टोपली.

"आई!"

"वरडतेस कशाला?" मंगला आतून आली. "आभाळ भरलंय, जवळा ओला हाय. तुझ्या डब्यातनं कसं छान गरम वारं येतंय!"

"आणि हे बोंबील?"

"हिरा म्हनली, आमचे पन ठेव. तिला नाय कसं म्हनू?"

"पण सूप अगदी जाळीला चिकटवून?"

"मग! वारा वाया जात होता ना!"

सूप हटलं. धागा टुणकन आडवा झाला. मेघालीने चाचणी पुन्हा लावली.

"मंडळींना काय लिहू?" भावेशने फोनवरून विचारलं.

"खरं तेच. ड्रायव्हर निर्दोष. वाट जवळ्याने अडवली."

पलीकडे जरा वेळ नुसती बटणं वाजली.

"फिनलंडवाला विचारतोय, जवळा कुठल्या कंपनीचा? आणि ब्राझीलवाल्याला फोटो हवाय."

मंगलाने पदर सारखा केला. "हिराचे बोंबील नको घेऊ फोटूत. बारके हायत."

फोटो गेला. हसण्याचे संदेश कुठल्या कुठल्या देशांतून येऊ लागले, आणि त्यांच्या मागोमाग निकाल: पास! मेघाली नेहमीच्या भीतीची वाट पाहत राहिली. ती आलीच नाही. सगळ्या जगाने विचारायचं ते विचारून झालं होतं, आणि धागा आपला शांत तरंगत होता.

"ताई, दार बंद होतंय! नाव कुणाचं टाकू?"

"माझं टाक!" मेघाली मोठ्याने म्हणाली. "पॅकेज मी सांभाळीन. जवळा आई सांभाळेल, दोन हात लांबून!"