आवक झालेली बिअर

आजमितीस माझ्याकडे सहाशे एकोणचाळीस बिअरची रीतसर नोंद आहे. दिनांक, रंग, फेसाची उंची, वास, चव, चव तोंडात टिकण्याचा अवधी आणि शंभरपैकी गुण, असे सात रकाने. आवडली की नाही, असा रकाना नाही. तो ठेवायचा विचार सुरुवातीला झाला होता, पण पानावर जागा पुरेना.

मी सव्वीस वर्षं एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतो. बाहेरून आलेल्या कागदाला क्रमांक द्यायचा, शिक्का मारायचा आणि तो पुढच्या टेबलावर सरकवायचा. कागदात काय लिहिलंय ते वाचणं माझ्या कामात येत नाही. आमच्या टेबलाचा धर्म एकच: एकदा आवक झालेला कागद पुन्हा आवक होत नाही. तोच अर्ज घेऊन कुणी दुसऱ्यांदा आला, तर त्याला जुना क्रमांक सांगून परत पाठवायचं. छंदालाही मी हाच नियम लावला. प्रत्येक बिअर एकदाच प्यायची. क्रमांक पडला की विषय संपला. जावकेची नोंद मी ठेवत नाही, ती ज्याची त्याने उरकायची असते.

माणसाला एखादा छंद असावा, असं आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं. कोणता असावा हे त्यांनी सांगितलं नाही, यात माझा दोष नाही.

पुढे समानधर्मी भेटत गेले आणि सात जण झाल्याबरोबर मंडळ स्थापन झालं. नूतन बिअर आस्वाद व नोंद मंडळ. अध्यक्षपदी विम्याच्या कचेरीतले निवृत्त साहेब आले, कारण त्यांना भाषण येतं. उपाध्यक्षपदी दातांचे डॉक्टर, कारण तोंडाच्या आतला त्यांचा अभ्यास दांडगा. सचिव मी, कारण शिक्का माझ्याकडे. बघता बघता सभासद दोनशे ऐंशी झाले. पाचशे नोंदी पूर्ण करणाऱ्याला कोटाला लावायचा बिल्ला मिळतो. तो लावून फिरणाऱ्या माणसाकडे इतर सभासद ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने माझ्या घरात माझ्याकडे कधी कुणी बघितलेलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना माझ्या मेव्हण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने, रंगाच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि स्वतःची बिअर काढली. रस्त्याच्या टोकाला एक बंद पडलेलं लेथचं वर्कशॉप होतं. तिथे त्याने दोन टाक्या बसवल्या, सहा टेबलं मांडली. बिअर एकच. तीन वर्षं तो घरच्या गच्चीवर ती चव बसवत होता. जव किती भिजवायचे, कधी उपसायचे, किती थंड ठेवायचं, याच्या पायी त्याचे केस गेले. नाव ठेवायला त्याच्याकडे डोकं उरलं नसावं, कारण बाहेर पाटी लागली ती नुसती "बिअर" अशी.

बायको म्हणाली, "अहो, एवढं मोठं मंडळ आहे तुमचं. जरा सांगा ना सगळ्यांना. त्याचं बस्तान बसेल."

मी सांगितलं. पहिल्या दिवशी मंडळ झाडून हजर होतं. खरं सांगतो, पहिला घोट घेतला आणि पेन माझ्या हातात तसंच राहिलं. इतकी साधी, इतकी नीट बिअर मी आयुष्यात प्यायलो नव्हतो. मग भानावर येऊन मी फेसाची उंची मोजली. चौऱ्याण्णव गुण दिले. आमच्या इतिहासात इतके कुणालाच पडले नव्हते. दातांच्या डॉक्टरांनी तर चवीच्या रकान्यात जागा संपल्यावर समासात लिहिलं. सगळ्यांनी मेव्हण्याचे हात हातात घेतले, पाठ थोपटली, आणि सगळे गेले.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याने तो घरी आला.

"भाऊजी, काही चुकलं का माझं?"

"छे! चौऱ्याण्णव आहेत तुला. पहिला नंबर."

"मग कुणी येत का नाही?"

"आले होते की सगळे."

"अहो, पुन्हा का येत नाहीत?"

"पुन्हा?" मला त्याची कीव आली. "अरे, तुझी आवक झाली. क्रमांक पडला. आता पुन्हा कशाला येतील?"

"पण तुम्हाला आवडली ना?"

"चौऱ्याण्णव," मी म्हणालो.

बायको आतून हात पुसत बाहेर आली. "आवडली तर माणूस पुन्हा पितो. चहा नाही का रोज ढोसत?"

"चहाची नोंद होत नाही," मी समजावलं.

"लग्नाची झाली होती. सही-शिक्क्यानिशी झाली होती. म्हणून दुसऱ्या दिवसापासून घरी यायचे राहिलात का?"

या मुद्द्याला नियमात उत्तर सापडेना, म्हणून मी पेपर उघडला.

मंडळाने छापलेली आमची गुणांची यादी आता गावभर लोक वाचू लागले होते. चौऱ्याण्णव बघून तेही यायचे. ग्लासाचा फोटो काढायचे, आपापली टिपणं करायचे आणि पहिला नंबर बघून झाला म्हणून दुसऱ्या नंबरकडे निघायचे. महिनाभरात सगळे येऊन गेले. सहा टेबलांवर मेव्हणा एकटा फडकं मारत बसायचा. त्याच्या बिअरला नावं ठेवणारा एक माणूस मिळाला नसता, आणि प्यायला बसणाराही नाही.

यातून मार्ग काढला तो बायकोने. मला न सांगता. एका सोमवारी पाटी बदलली: "आजपासून नवी. धाकटी पाती." संध्याकाळी मंडळ दारात हजर. मीही गेलो. घोट घेतल्यावर काहीतरी ओळखीचं वाटलं, पण ओळखीचं वाटण्याला रकाना नाही. एकसष्ट गुण दिले. पुढच्या आठवड्यात "ओला गुरुवार" आली, तिला अठ्ठ्याऐंशी पडले. मग दर सोमवारी नवी पाटी आणि दर सोमवारी गर्दी. पुढे पुढे मेव्हण्याला नावं सुचेनात. तो समोर दिसेल ते लिहू लागला. "पाना नंबर बारा" खास जमली नाही असं सर्वांचं मत पडलं. "गळका नळ"ला मात्र सत्त्याण्णव मिळाले. दातांचे डॉक्टर ग्लास उजेडात धरून म्हणाले, "ह्यात धातूची एक प्रामाणिक छटा आहे. ती आधीच्यात नव्हती."

एकतीस आठवडे हे चाललं. सभासदांच्या नोंदी धडाधड वाढल्या, एकोणीस जणांना बिल्ले मिळाले. मेव्हण्याचं बस्तान बसलं. आता त्याने सुखाने राहायचं की नाही? पण तो दिवसेंदिवस सुकत चालला. बायको म्हणायची, "गर्दी आहे ना? मग झालं तर." तो म्हणायचा, "ताई, तीन वर्षं मी एक चव बसवली. एकतीस वेळा प्यायले, एकालाही ओळखू आली नाही."

वार्षिक सभेत आभारप्रदर्शनाच्या आधी तो उभा राहिला.

"मला एक सांगायचंय. ह्या सगळ्या बिअर एकच आहेत. पहिल्या दिवशी दिली तीच. मी फक्त पाटी बदलत होतो. मला माफ करा, पण आवडत असेल तर तीच प्यायला या."

सभागृहात टाचणी पडली असती तरी तिची नोंद झाली असती, इतकी शांतता पसरली.

अध्यक्ष उठले. "आपण हे कशाच्या आधारावर म्हणता?"

"म्हणजे? मीच बनवतो ना."

"ते आपलं वैयक्तिक मत झालं."

"अहो, टाकी एकच आहे!"

दातांचे डॉक्टर फार शांतपणे म्हणाले, "हे बघा, आम्ही चव घेतलेली आहे. तुम्ही फक्त बनवलेली आहे."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या रांगेत कुणीतरी हिशेब मांडला: सगळ्या एकच धरल्या तर प्रत्येकाच्या तीस-एकतीस नोंदी रद्द होणार आणि एकोणीस बिल्ले परत करावे लागणार. टाळ्या थांबल्या. त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. तिचा अहवाल आठ दिवसांत आला, आमच्या कार्यालयात आठ दिवसांत नुसता टाचणीचा डबासुद्धा येत नाही. अहवालात म्हटलं होतं की, प्रत्येक बिअरला स्वतंत्र क्रमांक असल्याने त्या स्वतंत्रच होत. एकाच बिअरला एकसष्ट आणि सत्त्याण्णव असे दोन गुण पडणं शक्य नाही, यावरूनही तेच सिद्ध होतं. बनवणारा हा हितसंबंधी असल्याने त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. मात्र आपल्याकडे नवीन काही नाही, अशी कबुली त्याने स्वतःच दिलेली असल्याने यापुढे त्या ठिकाणची कोणतीही नोंद स्वीकारली जाणार नाही.

खाली शिक्का मारला. माझ्या हाताला सवय आहे.

घरी बायकोने विचारलं, "शिक्का कुणी मारला?"

"शिक्का मीच मारतो."

"मग पानही तुमचं तुम्हीच वाढून घ्या."

मी वाढून घेतलं. मेव्हण्याकडे जावं, एका टेबलाशी बसावं, एक ग्लास मागावा, असं दोन-तीनदा मनात आलं. एकदा त्या रस्त्याला वळलोही. पण वाटेत एका दुकानात संत्र्याच्या सालीची नवी बिअर आल्याची पाटी दिसली आणि तिथेच वेळ गेला. तिला बेचाळीस दिले.

अडीच महिन्यांनी लेथच्या वर्कशॉपवर कागद चिकटवलेला दिसला: "रविवारी शेवटचा दिवस." मेव्हणा रंगाच्या कारखान्यात परत रुजू होणार होता. मंडळाची तातडीची बैठक भरली. सभासद खरोखर हळहळले. शिवाय एक तांत्रिक मुद्दा निघाला: बंद होणाऱ्या ठिकाणची शेवटची बिअर ही पुन्हा कधीच मिळणार नाही, तेव्हा तिला वेगळा क्रमांक का नसावा? मुद्दा बिनतोड होता. बंदी एका दिवसापुरती उठवून परिपत्रक काढलं.

रविवारी रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली होती. दोनशे ऐंशीच्या दोनशे ऐंशी सभासद आले, त्यांची पै-पाहुणे मंडळी आली, यादी वाचणारे आले. सहा टेबलं पुरेनात, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मेव्हणा मान खाली घालून ग्लास भरत होता. दातांच्या डॉक्टरांनी डोळे टिपले. "असं ठिकाण पुन्हा होणे नाही," ते म्हणाले आणि त्यांनी शंभरपैकी शंभर दिले. त्यांचं बघून सगळ्यांनीच दिले. एक बाई काउंटरशी येऊन कळवळून म्हणाली, "का हो बंद करताय? एवढं छान तर चाललंय!"

मेव्हण्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा ग्लास पुढे सरकवला.

मी प्यायलो. फेस मोजला नाही. तीच होती, पहिल्या दिवसाची. "खरंच आवडली रे मला," मी म्हणालो.

"भाऊजी, हे एखाद्या साध्या मंगळवारी येऊन सांगायचं होतंत," तो म्हणाला आणि पुढचा ग्लास भरायला वळला.

तुम्ही आम्हाला हसताय, आणि हसायलाच हवं. बिअरशी तुमचा काही संबंध नसेलही. पण तुमच्या रस्त्यावरचं ते जुन्या पुस्तकांचं दुकान बंद झालं तेव्हा तुम्हीही पाटीसमोर थांबलात, फोटो काढलात, चार जणांना पाठवून खाली लिहिलंत, "फार वाईट वाटलं." वाटलं असेल, त्याबद्दल वाद नाही. त्या दुकानाची पायरी तुम्ही त्याआधी शेवटची कधी चढला होतात?